जपानच्या छोट्या शहरांत नकाशा कुठे मिळतो, आणि बघायचं काय हे तुम्ही कसं ठरवता?

अबोली_२२

नमस्कार मंडळी. भाऊ कंपनीतर्फे नागोयाला आहे, त्यामुळे आई-बाबा आणि मी नोव्हेंबरात पुन्हा जपानला चाललोय. टोकियो, क्योतो, नारा मागच्या वेळी झालं, यावेळी पश्चिमेकडची छोटी शहरं करायचा विचार आहे: ओकायामा, ओनोमिची, मात्सुए आणि जमलं तर हागी. अडचण अशी की नेटवर काहीही शोधलं की तेच दहा फोटो, तेच 'टॉप १०', आणि प्रत्यक्ष त्या गावात स्टेशनातून बाहेर पडल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे हे कोणीच सांगत नाही. बाबा ७१ वर्षांचे आहेत, त्यांना हातात कागदाचा नकाशा लागतो, फोनवरचा नकाशा दाखवला की 'हे निळं टिंब म्हणजे मी का?' असं दर दोन मिनिटांनी विचारतात. आईचे गुडघे जिने चढायला फारसे तयार नसतात.

तर प्रश्न दोन. इंग्रजी नकाशे अशा गावांत खरंच मिळतात का, कुठे? आणि एका दिवसात काय बघायचं, काय सोडायचं हे तुम्ही कशावरून ठरवता?

भटक्या_गोट्या

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

सदाशिव_पेठी

ओकायामाला कशाला जाताय, सिंहगड रोडला जा. पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानच आहे, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. विमानाचं तिकीट वाचेल आणि नकाशाही लागणार नाही, कोणालाही विचारा, सांगतील. (सांगतील की नाही ते तुमच्या विचारण्यावर अवलंबून आहे.)

अबोली_२२

@सदाशिव_पेठी, ते उद्यान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, म्हणूनच बाबांना मूळ कॉपी बघायचीय :D

हामामात्सुकर

चार वर्षं इथे जपानात राहतोय, शनिवार-रविवार छोटी गावं हुडकणे हाच धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, एक शब्द पाठ करा: कानको आन्नाइजो. म्हणजे पर्यटन माहिती केंद्र. बहुतेक शहरांत ते रेल्वे स्टेशनातच असतं किंवा बाहेर पडल्या पडल्या. तिथे फुकट नकाशे असतात, इंग्रजी बहुतेक ठिकाणी असतो, पण कधीकधी तो काउंटरच्या मागे ठेवलेला असतो, मागितल्याशिवाय देत नाहीत. 'एइगो नो माप्पु?' एवढं म्हटलं तरी पुरतं. आणि इंग्रजी मिळाला तरी जपानीसुद्धा एक घ्याच. जपानी नकाशात माहिती जास्त असते, आणि रस्त्यात कोणाला विचारायचं झालं तर त्या माणसाला जपानी नकाशा दाखवता येतो. आपला इंग्रजी नकाशा बघून गावातल्या आजोबांचा आपल्याइतकाच गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट, नकाशा घेऊन लगेच पळू नका. काउंटरवरच्या बाईंना सांगा की आमच्याकडे चार तास आहेत, आईला जिने नकोत. मग त्या पेन काढतात. मी पाहिलंय, नकाशा आपल्याकडे सरळ ठेवून त्या स्वतः उलट्या बाजूने गोल करतात, बसस्टॉपचा नंबर लिहितात, परतीच्या बसची वेळ लिहितात. तो पेनाने खरडलेला कागद म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

फक्त वेळ सांभाळा. बरीच केंद्रं पाच-साडेपाचला बंद. किल्ले-म्युझियम पण साधारण पाचला बंद आणि शेवटचा प्रवेश साडेचारला. बरीच म्युझियम सोमवारी बंद, सोमवारी सरकारी सुट्टी आली तर ते मंगळवारी बंद. नोव्हेंबरात अंधार पण पाचलाच पडतो. आपल्याकडे संध्याकाळी फिरायला निघतात, तिथे तोवर गाव आवरलेलं असतं.

कोडकिडा

२०२५ उजाडून गेलं आणि आपण अजून कागदी नकाशावर चर्चा करतोय? गूगल मॅपवर सगळं आहे, ट्रेनचा प्लॅटफॉर्म नंबरसुद्धा. ऑफलाइन डाउनलोड करा, ठिकाणं स्टार करा, झालं काम. बाबांना फोन शिकवा, हा माझा प्रामाणिक सल्ला.

चकली_विथ_सोया

@कोडकिडा, मी पण हेच म्हणायचे. मग ओनोमिचीला गेले. गाव सगळं डोंगर उतारावर, खाली समुद्र, वर देवळं, मधे हातभर रुंदीच्या गल्ल्या. फोनने 'सहा मिनिटं चालत' असं दाखवलं ते खरंच सहा मिनिटं होतं, पण तो रस्ता नव्हता, जिना होता. चाकाची बॅग, पाठीवर लेक, आणि पुढे नवरा 'इथून जवळच आहे' म्हणत. वरून एक आजी उतरत होत्या, त्यांनी काही न बोलता बॅगेची एक बाजू धरली आणि मला चढवून परत खाली निघून गेल्या!! स्टेशनजवळच्या कागदी नकाशावर जिने आडव्या रेघांनी दाखवले होते, हे मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

अबोली, आईंना सेनकोजी देवळाच्या रोपवेने वर न्या, तीन-चार मिनिटांत वर. आणि मग उतरताना हळूहळू गल्ल्यांमधून. गुडघ्यांना उतरणंही नको असेल तर रोपवेनेच खाली, त्यात कमीपणा नाही.

कोडकिडा

जिना आहे हे फोटोत दिसतं की. असो.

मुक्काम_पोस्ट_नागपूर

स्टेशनच्या बाहेर जे मोठे बोर्डावरचे नकाशे असतात त्यांच्यावर कोणी बोलणार आहे की नाही? मी एका गावात (नाव नाही घेत, गावाची चूक नव्हती) अशा बोर्डवर नीट बघून, उत्तर वरच्या बाजूला धरून, किल्ल्याकडे म्हणून वीस मिनिटं चाललो आणि सरळ भाताच्या खाचरांत पोहोचलो. किल्ला बरोब्बर पाठीमागे.

हामामात्सुकर

हाहा, हा प्रसाद प्रत्येकाला मिळतो. तिथल्या रस्त्यावरच्या बोर्डांवर उत्तर वरच असेल असं नसतं. बोर्डासमोर उभं राहिल्यावर तुमच्या समोर जे आहे ते नकाशात वर. म्हणजे बोर्ड दक्षिणेकडे तोंड करून बघायचा असेल तर दक्षिण वर. कोपऱ्यात छोटा बाण असतो उत्तरेचा. आणि लाल रंगात 'गेन्झाइची' लिहिलेलं असतं, म्हणजे 'तुम्ही इथे आहात'. ते आधी शोधायचं.

मुक्काम_पोस्ट_नागपूर

शाळेत भूगोलाच्या सरांनी 'वर उत्तर, वर उत्तर' करून हातावर पट्ट्या मारल्या त्याचं काय मग

शरयू_काळोखे

खरं तर ती पद्धत जास्त सोपी आहे. नकाशात उजवीकडे म्हणजे खरोखर उजवीकडे. आपण मनात नकाशा फिरवत बसतो तो त्रास वाचतो. गोंधळ होतो तो त्याच बोर्डाचा फोटो काढून पुढच्या चौकात तो बघितला की, कारण तोवर तुमचं तोंड भलतीकडे असतं. माझा अनुभव: फोटो काढा पण फोटोत बोर्डामागची एखादी इमारत पण येऊ द्या.

आणि पत्त्यावर विसंबू नका. जपानी पत्त्यात बहुतेक ठिकाणी रस्त्याचं नावच नसतं. आधी विभाग, मग चोमे (विभागाचा पोटभाग), मग ब्लॉकचा नंबर, मग घराचा. रस्ता म्हणजे दोन ब्लॉकमधली मोकळी जागा, तिला कशाला नाव, असा साधारण हिशोब. आणि जुन्या वस्त्यांत नंबर ओळीने लागतीलच असं नाही. क्योतोत रस्त्यांना नावं आहेत, साप्पोरोत चौकोनी आखणी आहे, बाकी ठिकाणी हे असंच. म्हणूनच तर कोबानच्या (म्हणजे छोट्या पोलीस चौकीच्या) पोलिसांकडे परिसराचा मोठा नकाशा असतो आणि पत्ता सांगणं हे त्यांचं रोजचं काम असतं. बिनधास्त जा. मला एका कोबानमधल्या पोलिसाने हॉटेलच्या दारापर्यंत सायकल हातात धरून सोबत केली होती.

सदाशिव_पेठी

पोलीस हॉटेलच्या दारापर्यंत सोडायला आला हे वाक्य इकडे मराठीत ऐकलं तर शेजारी काय म्हणतील.

पुस्तकी_किडा

पत्त्यांवरून आठवलं. जपानमध्ये झेनरिन म्हणून नकाशांची मोठी कंपनी आहे. तिची सुरुवात १९४८ साली बेप्पू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात झाली, तेव्हा ती पर्यटकांसाठी माहितीपुस्तिका छापायची. पुस्तिकेबरोबर पुरवणी म्हणून नकाशा होता, आणि लोकांना पुस्तिकेपेक्षा तो नकाशाच आवडला! मग त्यांनी घरोघर हिंडून घरमालकाच्या नावासकट घरांचे नकाशे छापायला सुरुवात केली, आणि नंतर सगळा देश केला. २०१९ पर्यंत गूगल मॅपच्या जपानमधल्या नकाशाला त्यांचाच डेटा होता. म्हणजे कोडकिडा ज्या फोनवर विसंबून आहेत त्याच्या मुळाशी एका छोट्या गावातला टुरिस्ट नकाशाच निघाला :)

कोडकिडा

+१, हे माहीत नव्हतं. पण मुद्दा माझ्याच बाजूने जातो ना, कागद पुढे जाऊन ॲप झाला.

चाफा_बोलेना

मला नकाशातल्या खुणांनी घाबरवलं होतं. सासूबाईंना घेऊन गेलो होतो, नकाशा उघडला आणि त्या एकदम खूश, 'अगं बाई, इथे सगळीकडे स्वस्तिक!' उलटं होतं पण, आपल्या स्वस्तिकाचं आरशातलं रूप. जपानी नकाशात बौद्ध देवळाची ती खूण आहे, मांजी म्हणतात. शिंतो देवळाला तोरणासारखी तोरीची, म्हणजे तिथल्या कमानीची, खूण. मग काय, आम्ही ज्या गावात जाऊ तिथे सासूबाई फक्त स्वस्तिकं मोजायच्या आणि सगळीकडे जायचंच असा हट्ट.

शरयू_काळोखे

त्या खुणेवरून २०१६ मध्ये तिकडे बरीच चर्चा झाली होती. परदेशी लोकांचा नाझी चिन्हाशी घोटाळा होतो म्हणून त्यांच्या सर्व्हे खात्याने परदेशी लोकांसाठीच्या नकाशात तीन मजली पॅगोडाची खूण सुचवली होती. जपानी लोकांनीच विरोध केला की आमची खूण कितीतरी जुनी. जपानी नकाशांत ती अजून तशीच आहे.

बाकी खुणांपैकी एवढ्या ओळखता आल्या तरी पुरे: वाटीतून तीन वाफा निघताहेत ते गरम पाण्याचं कुंड, 'टी'च्या डोक्यावर अजून एक आडवी रेघ म्हणजे पोस्ट, वर्तुळात फुली म्हणजे पोलीस ठाणं, आणि वर्तुळात वर्तुळ म्हणजे नगरपालिका.

वऱ्हाडी_ठेचा

नकाशाचाच विषय निघाला म्हणून सांगतो भाऊ. नारिताला उतरल्यावर टोकियोला पळायची घाई नसंल तर सावारा नावाचं गाव हाये, नारिताहून लोकल ट्रेननं अर्ध्या-पाऊण तासात. कालवा, दोन्ही काठाला जुनी लाकडी दुकानं, होड्या. तिथला एक दारू गाळणारा व्यापारी, इनो तादाताका. ४९व्या वर्षी धंदा पोराच्या हाती देला, आणि एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊन आपल्याहून १९ वर्षांनं लहान असलेल्या गुरूकडं खगोल शिकाले बसला. ५५व्या वर्षी, म्हणजे १८०० साली, चालत जपान मोजाले निघाला. १८१६ पर्यंत मोजणीच चालू. हजारो किलोमीटर पायी. १८१८ साली गेला, पण नकाशा पुरा व्हाचा होता म्हणून मरणाची बातमी १८२१ पर्यंत दाबून ठेवली! त्याचं म्युझियम हाये सावाराले, त्यानं केलेले नकाशे पाहून डोळे फिरतात, किनारा न् किनारा.

अन आमच्या इकडचा धागा असा का त्याच काळात, १८०२ ला, लॅम्टन साहेबानं मद्रासकडून हिंदुस्थान मोजाले सुरुवात केली, अन तो गेला कुठं? आमच्या हिंगणघाटले, १८२३ साली. समाधी हाये तिथं. किती लोकाइनं पाहिली सांगा. सावारा पाह्याले चाललो आपण विमानानं.

सदाशिव_पेठी

५५व्या वर्षी देश मोजायला निघाला! आमच्या सोसायटीतले काका व्हीआरएस घेतल्यापासून फक्त पार्किंगची जागा मोजतात.

मुक्काम_पोस्ट_नागपूर

हिंगणघाट पाहिलंय ना भाऊ, पण समाधी नाही. आता जातो. बोर्डावरचा नकाशा असंल तर आधी उत्तर कुठे ते पाहीन.

चकली_विथ_सोया

खाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मीच. छोट्या शहरांत खाण्याचे नकाशे पण वेगळे मिळतात! उत्तरेला हिरोसाकी म्हणून सफरचंदांचं गाव आहे, तिथे आन्नाइजोत चक्क ॲपल पायचा नकाशा मिळतो, कुठल्या दुकानात गोड जास्त, कुठे आंबट, दालचिनी किती, असं सगळं. आम्ही किल्ला बघायला गेलो होतो आणि चार दुकानं फिरून पाय दुखवून आलो, किल्ला धावत पळत झाला. उत्सुनोमियात तसाच ग्योझाचा (मोमोसारखा प्रकार) नकाशा, पण त्यात बहुतेक डुकराचं मांस, आपल्या शाकाहारी मंडळींना उपयोग नाही.

अबोली_२२

बाबा शाकाहारी आहेत ग. त्यासाठी बॅगेत मेतकूट, भडंग, पोह्याचे पापड सगळं आहे. अजून काही?

चकली_विथ_सोया

कोनबिनीत (चोवीस तास उघडी छोटी दुकानं) उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, साधा भात, केळी, उकडलेलं रताळं. सूप म्हटलं की त्यात माशाचा अर्क आहे असं धरूनच चाला. मात्सुएला तर छोट्या शिंपल्यांचं सूप जिथे तिथे, शिन्जी तळ्यातले.

निळा_डोंगर

खरंखुरं शाकाहारी हवं असेल तर वाकायामातलं कोयासान करा, वेळ असेल तर. डोंगरावरचं गाव आहे, कुकाई या बौद्ध भिक्खूने ८१६ साली वसवलेलं, ११७ देवळं, त्यातल्या पन्नासेक ठिकाणी राहता येतं आणि जेवण भिक्खूंचं, मांस-मासे-कांदा-लसूण काही नाही. आणि आपल्याला विशेष म्हणजे कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं होतं. आम्हाला मिळालेल्या टुरिस्ट नकाशात त्याची वेगळी खूण नव्हती. माहिती केंद्रात मी 'आंबेडकर' म्हटलं, त्या मुलाला कळेना, मग फोनवर फोटो दाखवला तर त्याने हसून नकाशात विद्यापीठावर गोल केला आणि खाली जपानीत काहीतरी लिहिलं. ते अजून वाचून घेतलेलं नाही मी कोणाकडून.

एक लक्षात ठेवा, केबल कारने वर पोहोचलं की पुढे बसनेच जायचं, तो रस्ता चालणाऱ्यांसाठी बंद आहे. आमच्या पुढचा एक गोरा बॅग घेऊन चालायला लागला होता, परत पाठवला.

चाफा_बोलेना

अवांतरात अवांतर: गणपती बघायचा असेल तर नाराजवळ इकोमा. होझानजी देवळात शोतेन म्हणून आपला गणपतीच पुजतात, पण मूर्ती झाकलेली असते, दर्शन नाही. तिथे जायची केबल कार १९१८ ची, जपानमधली पहिली, आणि तिचा एक डबा कुत्र्यासारखा, एक मांजरासारखा. सासूबाई मांजरात बसून गणपतीला गेल्या. उंदीर नव्हता म्हणून जरा नाराज.

भटक्या_गोट्या

आलो सविस्तर. धागा कुठच्या कुठे गेलाय, अबोलीताईंच्या चार शहरांवर येतो.

ओकायामा सोपं. स्टेशनसमोरून ट्राम, शिरोशिता स्टॉप, तिथून किल्ला आणि कोराकुएन दोन्ही चालत. कोराकुएन १७०० साली पुरं झालेलं, सपाट आहे, आई आरामात फिरतील. किल्ला काळा कुळकुळीत, 'कावळा किल्ला' म्हणतात, आतून नवा सिमेंटचा आहे म्हणून लिफ्ट आहे. शुद्धतावादी नाकं मुरडतात, गुडघेवाले दुवा देतात.

मात्सुएचा किल्ला उलट, १६११ चा, खरा लाकडी, जिने शिडीसारखे. आई खाली बसू देत, बाबा चढतील. त्याची एक भारी गोष्ट: तो कधी बांधून झाला याचा ठोस पुरावा नव्हता म्हणून 'राष्ट्रीय ठेवा' हा दर्जा अडला होता. २०१२ ला तिथल्या एका देवळात १६११ सालच्या दोन लाकडी पाट्या सापडल्या, त्यांची खिळ्यांची भोकं किल्ल्यातल्या खांबांवरच्या भोकांशी जुळली, आणि २०१५ ला दर्जा मिळाला. खाली खंदकात होडीची फेरी आहे, ती घ्याच, पण बुटके पूल आले की होडीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांनी वाकायचं असतं, बूट काढून खाली बसावं लागतं. आईंना जमेल का ते आधी विचारा. मात्सुएत लाल रंगाची लेकलाइन बस गोल फिरते, स्टेशनातून तिचाच नकाशा घ्या, मुख्य ठिकाणं तिच्याच वाटेवर आहेत.

हागी हे तुमच्या बाबांचं गाव आहे हे मी आत्ताच सांगतो. 'एदो काळचा नकाशा घेऊन आजही फिरता येतं' अशी त्या गावाची ख्याती आहे (एदो काळ म्हणजे सामुराईंचा जमाना). किल्ला १८७४ ला पाडला, पण गल्ल्या, भिंती, घरांच्या जागा जवळपास तशाच. जुन्या नकाशाची प्रत मागून घ्या. फक्त रेल्वेने जाणार असाल तर उतरायचं हिगाशी-हागीला, हागी नावाच्या स्टेशनला नव्हे, ते गावाच्या एका टोकाला आहे. आणि त्या बाजूला गाड्या इतक्या कमी की एक चुकली की तुमचा अर्धा दिवस गेला. शिन-यामागुचीहून बस बरी.

मुक्काम_पोस्ट_नागपूर

हागीच्या बसचं नाव सांगायचं राहिलं. पूर्वेकडची फेरी 'शोइन सेन्सेइ', पश्चिमेकडची 'शिन्साकू-कुन'. गुरुजी एकीकडे आणि त्यांचा विद्यार्थी दुसरीकडे. आपण नागपुरात अशी नावं ठेवली तर लोक भांडतील कोणाची बस वेळेवर येते म्हणून.

बसमध्ये मागून चढताना यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्या, पुढच्या पडद्यावर त्या नंबरासमोर भाडं दिसतं, उतरताना चिठ्ठी आणि सुटे टाका. सुईका कार्ड (प्रवासाचं प्रीपेड कार्ड) छोट्या गावांत सगळीकडे चालतंच असं नाही. नाण्यांची पुरचुंडी ठेवा.

एकटा_जीव_सदाशिव

वेगळं मत मांडतो, राग नसावा. आपण मराठी माणसं सहलीला पण परीक्षेसारखे जातो. नकाशा, यादी, टिकमार्क. छोट्या शहरात बघण्यासारखं खरं तर फार नसतं, तेच त्याचं सुख. एका स्टेशनवर उतरा, एक गल्ली धरा, कुठेतरी कॉफी प्या, परत या.

चाफा_बोलेना

७१ वर्षांचे बाबा आणि गुडघेवाली आई घेऊन 'एक गल्ली धरा' करून बघा एकदा. पहिला प्रश्न येतो बाथरूम कुठे आहे. तो नकाशात असतो.

एकटा_जीव_सदाशिव

हा मुद्दा मान्य :)

हामामात्सुकर

गाडी भाड्याने घेणार असाल तर एक युक्ती: तिथल्या गाडीतल्या नेव्हिगेशनमध्ये ठिकाणाचा फोन नंबर टाकला की ते सापडतं, पत्ता टाइप करत बसायला नको. पत्रकांवर 'मॅपकोड' नावाचा आकडा असतो तो पण चालतो. रस्त्यावर 'मिची नो एकी' लागतात, हायवेवरचे थांबे, १९९३ पासून सुरू झालेत आणि आता हजाराच्या वर आहेत. तिथे त्या भागाचे नकाशे, भाजीपाला, स्वच्छ संडास, सगळं. आमची मंडळी तर तिथूनच मुळा, वांगी भरून आणतात.

अबोली_२२

सगळ्यांना खूप धन्यवाद, प्रिंट काढून बाबांना दिलीय. त्यांनी लाल पेनने खुणा केल्यात. दोन आठवड्यांनी येऊन सांगते.

अबोली_२२

आले परत! उशीर झाला, आल्यावर आठवडाभर घर आवरण्यात गेला.

ओकायामा मस्त. कोराकुएन बघून बाबा म्हणाले 'आपलं पण वाईट नाही', आणि मग तासभर दोन्हींची तुलना. ओनोमिचीत रोपवेने वर, रोपवेनेच खाली, चकली तुझी आठवण काढली. मात्सुएत होडीत छप्पर खाली आलं तेव्हा आई इतकी हसली की नावाडी पण हसायला लागला, गुडघ्याचं काही नाव नाही निघालं.

हागीला मात्र वेगळंच झालं. माहिती केंद्रात बाबा माझ्या आधी काउंटरला गेले, 'ओल्ड मॅप?' एवढंच म्हणाले, आणि त्या बाईंनी जुन्या नकाशाची प्रत काढली, वर आजच्या खुणा करून दिल्या. मग बाबांनी तो चार घड्या घालून हातात धरला, जसं ते पूर्वी रेल्वेचं वेळापत्रक धरायचे, आणि फोन मला पर्समध्ये ठेवायला लावला. किल्ल्याजवळ होरिउची भागात मातीच्या उंच भिंतींच्या काटकोनी गल्ल्या आहेत, कागिमागारी म्हणतात, शत्रूला पुढचं दिसू नये, तो गोंधळावा म्हणून मुद्दाम तशा केलेल्या. शत्रूचं माहीत नाही, कुलकर्णी कुटुंब पूर्ण गोंधळलं. नकाशा फिरवून फिरवून बाबा म्हणतात 'इथे सामुराईचं घर पाहिजे', आणि समोर कोणाची तरी मारुती व्हॅनसारखी छोटी गाडी उभी. तिथेच एका फाटकाशी लाकडी स्टुलावर संत्र्यांच्या पिशव्या होत्या, शेजारी डबा, माणूस कोणी नाही. पिशवीला १०० येन. आईने पैसे टाकले, दोन वेळा मोजून, कोणी बघत नसताना. आम्ही भिंतीला टेकून ती संत्री खाल्ली, आणि तेवढ्यात आईला भिंतीमागे फाटक दिसलं, बाबांचं सामुराईचं घर तेच निघालं.

आईला विचारलं सगळ्यात काय आवडलं तर म्हणाली तो डबा.

वऱ्हाडी_ठेचा

वा! सावारा झालं का?

अबोली_२२

नाही हो, विमान नागोयाहून होतं. पुढच्या वेळी. हिंगणघाट आधी करू :)

पुस्तकी_किडा

तो हागीचा जुना नकाशा स्कॅन करून टाकता का इथे? आम्ही एप्रिलमध्ये चाललोय.

अबोली_२२

विचारलं. बाबा देत नाहीत. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून एलआयसीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवलाय. तिथे फुकट मिळतो म्हणाले, घ्या तिथूनच.

चकली_विथ_सोया

काकांना माझा नमस्कार सांग. आणि हिरोसाकीच्या ॲपल पायचा नकाशा माझ्याकडे आहे, कोणाला हवा असेल तर मी देईन, मी एवढी कंजूष नाही.